मिठाला रेणू नसतो म्हणे! नातीशी झालेलं भांडण (धागा)

सूरसागर_कट्टा · रविवार, रात्री ९.४०

मंडळी, विषय घरगुती आहे, पण इथे रसायनवाले बरेच आहेत म्हणून मांडतो.

माझी नात अकरावीत आहे. सायन्स, गुजराती माध्यम. मी बँकेतून निवृत्त. शिकलो इथल्याच, बडोद्यातल्या मराठी शाळेत, त्यालाही आता पन्नास वर्षं होतील. परवा जेवताना तिला आमटी अळणी लागली. वरून मीठ घेतलं, चिमटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, मिठाला अणु नसतात हं."

मी म्हटलं, अगं अणू नसतील तर त्यात काय बुंदीचे दाणे असतात? ती म्हणाली, "सरे कह्युं छे, मीठामां अणु होता ज नथी." मग मी सोडियम, क्लोरीन सगळं म्हणून दाखवलं. एक सोडियम, एक क्लोरीन, दोघांचा मिळून मिठाचा एक कण. आम्ही असंच शिकलोय. ती मान हलवत राहिली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. सूनबाईनं कुकर लावला, तेव्हा मी ज्योतीकडे बोट दाखवून म्हटलं की बघ, गॅसमधले बंध तुटतात आणि त्यातून ही उष्णता मिळते. त्यावरही "ना". बंध तोडायला म्हणे ऊर्जा लागते, मिळत नाही. मग ही ज्योत काय देवाच्या कृपेनं जळते?

पैज लागली आहे. हरेल त्यानं सगळ्यांना सेव उसळ खाऊ घालायची. घरात आम्ही सात माणसं. निवाडा करा.

पुण्याची_सून · रविवार, रात्री ९.५८

काका, अर्धं भांडण भाषेचं आहे! मी लग्न होऊन बडोद्यात आले, मुलगा गुजराती शाळेत गेला आणि त्याच्या पाचव्या धड्यापाशी मीही अशीच आपटले होते.

आपल्या मराठीत अणू म्हणजे सगळ्यात लहान तो, सोडियमचा एकटा कण. दोनचार अणू जोडले की रेणू. गुजरातीत (हिंदीतही) त्या एकट्याला परमाणु म्हणतात आणि आपल्या रेणूला अणु. म्हणजे शब्द तोच, पायरी एक वर. तुमची नात "अणु नसतात" म्हणाली ते मराठीत "रेणू नसतात" असं ऐका. सोडियम आणि क्लोरीन त्यात नाहीत असं ती म्हणालेलीच नाही.

संयुगालाही ते लोक संयोजन म्हणतात. मुलाला मी तीन महिने "संयुग, संयुग" घोकून घेतलं आणि त्यानं पेपरात तेच लिहून दोन मार्क घालवले. अजून बोलून दाखवतो.

तिखी_तरी · रविवार, रात्री १०.०५

म्हणजे अणुबॉम्ब हा गुजरातीत रेणूबॉम्ब झाला की!

निवृत्त_शिफ्टवाला · रविवार, रात्री १०.२०

तिखी_तरी, रेणूबॉम्ब असतोच. दिवाळीत फोडता तो सुतळी बॉम्ब. त्यात रेणू मोडून नवे होतात, अणू होते तसेच राहतात. खऱ्या अणुबॉम्बमध्ये अणूचा गाभाच फुटतो. फरक लक्षात ठेवा आणि वात पेटवून मागे या.

कट्टेकाका, नात दोन्हीकडे बरोबर आहे. सेव उसळीच्या पैशांची तजवीज करा. मी ३१ वर्षं अमोनियाच्या प्लांटवर काढली, बंध तोडायला काय लागतं ते मला विचारा. आत्ता झोपतो, उद्या लिहितो.

सूरसागर_कट्टा · रविवार, रात्री १०.३१

अणु-परमाणूचं समजलं, धन्यवाद. पण तरीही! रेणू का नाही? पाण्याला रेणू आहे, साखरेला आहे, मग मिठानं काय घोडं मारलंय?

चंचुपात्र · सोमवार, सकाळी ७.१५

मी रसायनशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. कट्टेकाका, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि तो विचारणारे तुम्ही पहिले नाही. त्या गोष्टीकडे येते, आधी मीठ.

घरात जाडं मीठ असेल तर एक खडा घ्या आणि उजेडात भिंगाखाली धरा. कडा काटकोनात दिसतील. बोथट सुरीचं पातं त्याच्या एका बाजूला समांतर टेकवून हलकेच ठोका. तो वेडावाकडा न फुटता पायऱ्यापायऱ्यांनी फुटेल, पुन्हा काटकोनात. आतली मांडणी अशी बाहेरून दिसते ही मला अजूनही जादू वाटते.

आत काय आहे? सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन, त्यातला सगळ्यात बाहेरचा एक सैल. क्लोरीनकडे १७. सोडियमचा तो एक क्लोरीनकडे गेला की सोडियम धन प्रभाराचा होतो, क्लोरीन ऋण. अशा प्रभारित कणांना आयन म्हणतात. इथवर सगळे शिकतात. घोटाळा पुढे होतो. आपण समजतो की ज्याचा इलेक्ट्रॉन त्याच्याशीच त्याची गाठ. पण विद्युत ओढ अशी एका दिशेला नसते, ती चहूकडे असते. त्यामुळे प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोरीन बसतात: वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच ६ सोडियम. अंतर सगळ्यांशी सारखं, ०.२८२ नॅनोमीटर. आता सांगा, ह्या सोडियमचा जोडीदार कोणता? सहापैकी कोणाकडेही बोट दाखवता येत नाही. तीन दशांश मिलिमीटरच्या एका बारीक दाण्यात अशा जोड्या मोजल्या तर ६ वर १७ शून्यं होतील आणि तो अख्खा दाणा एकच सलग मांडणी असेल. "सोडियम क्लोराइड" हे सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक.

पाण्याचं तसं नाही. एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन, १०४.५ अंशांचा कोन, आणि ही तीन माणसं शेजारच्या तिघांपासून वेगळी ओळखता येतात. म्हणून पाण्याला रेणू आहे.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पाणी म्हणजे आपापल्या डब्यासह बसलेली कुटुंबं. मीठ म्हणजे नवरात्रातली मैदानावरची गर्दी, जिथे प्रत्येकाला समोरचा, बाजूचा, मागचा सगळेच सारखे. (उदाहरण फार ताणू नका. गर्दी हलते, मिठाचे आयन जागच्या जागी थरथरतात.)

आता ती गोष्ट. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरण टाकून मिठाची ही मांडणी दाखवली. १९१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, मुलगा तेव्हा २५ वर्षांचा. तरी १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे इंग्लंडचे नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ 'नेचर'मध्ये पत्र लिहून चिडले, की बिचाऱ्या मिठाचा बुद्धिबळाचा पट करून टाकलात! वय ७९. काका, तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

तिखी_तरी · सोमवार, सकाळी ८.०२

७९ व्या वर्षी मिठासाठी भांडणारा माणूस. ह्यांच्या घरी आमटी अळणी होत असणार.

अर्धवट_बीएस्सी · सोमवार, सकाळी ९.१०

मॅडम, एक शंका. आम्हाला "अष्टक (म्हणजे बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्यासाठी सोडियम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो" असं शिकवलं. सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो ना?

चंचुपात्र · सोमवार, सकाळी ११.४५

"आनंदाने" ह्या शब्दावर माझा जुना राग आहे. हिशोब करू. कट्टेकाका बँकेतले आहेत, त्यांना जमाखर्च आवडेल. आकडे एका मोलचे, म्हणजे साधारण ५८.५ ग्रॅम मिठाचे, किलोज्यूलमध्ये.

खर्चाची बाजू: घन सोडियमचे अणू सुटे करायला १०७. क्लोरीनच्या जोड्या फोडून सुटा क्लोरीन मिळवायला १२१. सोडियमचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६. बघा, काढायला लागतात, सोडियम काही हातावर ठेवत नाही. एकूण खर्च ७२४.

जमा: क्लोरीन तो इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा ३४९. फक्त ३४९! इथे खातं बंद केलं तर धंदा बुडीत. इलेक्ट्रॉन काढायच्या ४९६ चीसुद्धा भरपाई होत नाही.

मग मीठ होतं कसं? धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येऊन ती मांडणी रचतात, त्यात ७८७ सुटतात. हीच जालक ऊर्जा. ३४९ अधिक ७८७ म्हणजे ११३६. वजा ७२४. शिल्लक ४१२, आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा ४११. मिठाचा सगळा नफा गर्दीत आहे, देवाणघेवाणीत नाही.

अष्टकाचा नियम खुणेचा दगड म्हणून चांगला, कायदा म्हणून नको. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाभोवती, बंधांचे मोजले तर, बारा. नायट्रिक ऑक्साइडमध्ये बाहेरचे एकूण अकरा, म्हणजे विषम, जोड्या लागणारच नाहीत. आणि "अष्टक पूर्ण असलेले वायू कोणाशी संयोग करत नाहीत" हे वाक्य १९६२ मध्ये नील बार्टलेटनं झेनॉनचं संयुग बनवून मोडीत काढलं. पाठ्यपुस्तकातून मात्र ते जायला फार वर्षं लागली.

सूरसागर_कट्टा · सोमवार, दुपारी १२.३०

मॅडम, खातं जुळलं. एक रुपयाचा फरक आहे, तो आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो.

नात शाळेतून आली की दाखवतो. पण गॅसचं राहिलं. शिफ्टवाले कुठे आहेत?

निवृत्त_शिफ्टवाला · सोमवार, दुपारी ३.१५

आलो. दुपारची झोप ही शिफ्टवाल्याची एकच खरी कमाई.

आपल्याकडे पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक कार्बन, चार हायड्रोजन. जळताना त्याला दोन ऑक्सिजनचे रेणू लागतात. मॅडमच्या पद्धतीनंच मांडतो.

तोडायचे: कार्बन-हायड्रोजन चार, प्रत्येकी ४१३, झाले १६५२. ऑक्सिजनचे दुहेरी बंध दोन, प्रत्येकी ४९८, झाले ९९६. खर्च २६४८.

जोडायचे: कार्बन डायऑक्साइडमधले दोन, प्रत्येकी ७९९, झाले १५९८. पाण्यातले ऑक्सिजन-हायड्रोजन चार, प्रत्येकी ४६३, झाले १८५२. जमा ३४५०.

शिल्लक ८०२. ह्या ८०२ वर तुमचा कुकर शिटी देतो. ऊर्जा आली ती नवे बंध जुळताना. जुने तोडताना गेलीच. म्हणून तर आधी लायटर लागतो. तोडण्यानंच ऊर्जा मिळत असती तर गॅस नळीतून बाहेर आल्याबरोबर आपणहून पेटला असता आणि बडोद्यात एकही स्वयंपाकघर शिल्लक राहिलं नसतं.

काकांची चूक फार मोठी मोठी माणसं करतात. "बंध" म्हटलं की आपल्याला ताणलेलं रबर किंवा दाबलेली स्प्रिंग आठवते, सोडली की उसळणारी. तसं नाहीये. खड्ड्यात पडलेला दगड समजा. वर काढायला ताकद लागते, पडताना धाडकन आवाज येतो.

आता माझ्या प्लांटचं. हवेत नायट्रोजन ७८ टक्के, फुकट. तरी खत महाग का? नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधानं धरलेले आहेत, ९४५ किलोज्यूल. हायड्रोजनचा ४३६ चाच. अमोनियाचा हिशोब केला तर खर्च ९४५ अधिक तीन वेळा ४३६, म्हणजे २२५३. जमा सहा वेळा ३९१, म्हणजे २३४६. नफा ९३. कागदावर नफ्याचा धंदा, पण सुरुवातीची ९४५ ची भिंत ओलांडणार कोण? नुसतं तापवून भागत नाही, कारण फार तापवलं की झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक. त्याच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू चिकटतो, लोखंडाशी नवे बंध जुळता जुळता जुना सैल होतो. एका दमात भिंत चढायची ती पायऱ्यांनी चढतो. तरी ४०० ते ५०० अंश आणि दीडदोनशे वातावरणांचा दाब लागतोच. हाबरनं १९०९ मध्ये टेबलावर करून दाखवलं, बॉशनं १९१३ मध्ये कारखाना उभा केला. हाबरचं नाव सगळ्यांना माहीत. मला विचाराल तर खरं काम बॉशचं. त्या दाबाला आणि तापमानाला न फाटणारी भांडी त्यानं बनवली. हायड्रोजन पोलादात घुसून त्यातला कार्बन खातो आणि भांडं आतून ठिसूळ होतं. ते ज्यानं सोसलंय त्यालाच बॉश कळतो.

पुण्याची_सून · सोमवार, दुपारी ३.५०

शिफ्टवाले काका, अमोनिया सुटला तर काय करता हो? आमच्या सोसायटीत कोणीतरी म्हणत होतं की ओला रुमाल नाकाला लावायचा.

निवृत्त_शिफ्टवाला · सोमवार, संध्याकाळी ५.०५

ओला रुमाल बरोबर, आणि त्याचं कारण ह्या धाग्याच्या विषयातच आहे.

एका कारखान्यात (नाव सांगत नाही, माझ्या नोकरीतला शेवटचाही नाही) रात्रपाळीला एका फ्लँजचं, म्हणजे पाइपच्या जोडाचं, गॅस्केट गेलं. पांढरा ढग जमिनीलगत आला. वास नाकात झोंबतो, डोळे जळतात. पहिल्यांदा सगळ्यांनी मान वर करून वाऱ्याची पिशवी बघितली, कुठल्या दिशेला फुगली आहे ती, आणि आडव्या वाऱ्याला पळालो. मास्कवाल्या दोघांनी हायड्रंट उघडून पाण्याचा पडदा धरला. पाच मिनिटांत ढग बसला. वाहून आलेल्या पाण्यात बूट बुडले होते आणि त्या बुटांना पुढे महिनाभर वास होता. बायकोनं ते शेवटी भंगारवाल्याला दिले.

पाण्यानं ढग का बसतो? खोलीच्या तापमानाला पाण्याच्या एका मापात अमोनियाची सुमारे ७०० मापं मुरतात. सातशे! कारण हायड्रोजन बंध. अमोनियातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक जोडी मोकळी असते, पाण्यातला किंचित धन झालेला हायड्रोजन तिला धरतो. हा बंध खऱ्या बंधापुढे पोरकट, २० किलोज्यूलच्या आसपास. पण त्या रात्री आमचा जीव त्यानंच वाचवला.

चंचुपात्र · सोमवार, संध्याकाळी ६.२०

वा! वर्गात हायड्रोजन बंध शिकवताना मी नेहमी बर्फ पाण्यावर तरंगतो एवढंच सांगत असे. बुटांची गोष्ट माहीत असती तर मुलं जागी राहिली असती.

भर घालते. हा पोरकट बंध नसता तर पाणी वायू असतं. हायड्रोजन सल्फाइड पाण्याहून जवळपास दुप्पट जड, तरी उणे ६० अंशांना उकळतो. पाणी १०० ला.

अर्धवट_बीएस्सी · सोमवार, संध्याकाळी ७.००

पण मग आयनिक आणि सहसंयुज ही दोन वेगळी खाती आहेत की नाहीत? एकीकडे इलेक्ट्रॉन द्यायचा, दुसरीकडे वाटून घ्यायचा. परीक्षेत तर तक्ताच विचारतात.

चंचुपात्र · सोमवार, रात्री ८.४०

तक्ता परीक्षेपुरता. दोन्हीकडे ओढ विद्युतचीच आहे. प्रश्न एवढाच की इलेक्ट्रॉन कोणाकडे किती झुकलेला आहे. दोन हायड्रोजनमध्ये बरोबर मध्ये. पाण्यात ऑक्सिजनकडे सरकलेला. मिठात जवळजवळ पूर्ण क्लोरीनकडे. कोण इलेक्ट्रॉन किती ओढतो ते सांगणाऱ्या पाउलिंगच्या मोजपट्टीवर सोडियम ०.९३, हायड्रोजन २.२०, क्लोरीन ३.१६, ऑक्सिजन ३.४४. फरक वाढत जातो तसा बंध कलत जातो, मध्ये कुठे भिंत नाही.

इलेक्ट्रॉनची जोडी दोघांनी वापरायची ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुईसची, १९१६ ची. त्याआधी १९०२ मध्येच तो वर्गात अणू म्हणून चक्क घन काढायचा, आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन. 'कोव्हॅलंट' (आपलं सहसंयुज) हा शब्द लँगम्यूरचा, १९१९ चा. जोडी दोघांना का धरून ठेवते ह्याचं गणित हाइटलर आणि लंडन ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये मांडलं. लँगम्यूरला आणि पाउलिंगला नोबेल मिळालं, लुईसला नाही. मला हे आजही खटकतं.

दोन्ही बंध एकाच पदार्थात बघायचे असतील तर खाण्याचा सोडा घ्या. फाफड्यात, पापडात घालतो तो खारोही चालेल. कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांशी सहसंयुज बंधानं घट्ट बांधलेले. तो अख्खा गट ऋण आणि सोडियमशी त्याचं नातं मिठासारखं. पाण्यात टाकला की सोडियम सुटतो, गट मात्र फुटत नाही. तो फोडायला लिंबू पिळावं लागतं, मग फसफसतो.

तिखी_तरी · सोमवार, रात्री ९.००

तिसरा प्रकार राहिला. धातूंचा. काजूकतलीवरचा वरख.

(मलाही थोडं येतं. आमचं मिठाईचं दुकान आहे.)

चंचुपात्र · सोमवार, रात्री ९.२५

शाबास. चांदी ठोकली की पसरते, मिठाचा खडा ठोकला की फुटतो. का? मिठात एक थर जरा सरकला की धनासमोर धन येतो आणि दोघे एकमेकांना ढकलून देतात. चांदीत बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एकाचे नसतात, सगळ्यांमधून फिरते असतात. थर सरकला तरी काही बिघडत नाही. वरख फुंकरेनं उडेल इतका पातळ होतो तो ह्याच कारणानं.

पुण्याची_सून · सोमवार, रात्री ९.५०

अवांतर विचारू का? बडोद्यात हे रसायनाचं वेड आलं कुठून? खतं, रिफायनरी, औषधं, रंग... जाल तिथे टाक्या.

चंचुपात्र · मंगळवार, सकाळी ७.३०

हे फार अवांतर नाही. रिफायनरी आणि खतं साठच्या दशकातली. त्याआधीचं मूळ कलाभवन ह्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते सुरू केलं आणि त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्राचार्य झाले. रसायनाचा माणूस, रंगाई हा त्यांचा हातखंडा विषय, आणि शिकवायचं तेही लोकांच्या भाषेतून. आज त्या कलाभवनातूनच आपली युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी वाढली आहे. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर (आपलेच मराठी) आणि भाईलालभाई अमीन ह्यांनी गुरूंच्या पाठबळावर १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी काढली. अलेम्बिक म्हणजे अर्क गाळायचं जुनं भांडं, नाव किती नेमकं!

रंगाईत बंधांचाच खेळ आहे. मंजिष्ठाचा रंग सुती कापडावर नुसता लावला तर धुण्यात जातो. आधी तुरटीचं पाणी द्यायचं. तुरटीतला अ‍ॅल्युमिनियम एका बाजूनं धाग्याला धरतो आणि दुसऱ्या बाजूनं रंगाला. ह्या बंधात जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच पक्षाचे, अ‍ॅल्युमिनियम फक्त जागा देतो. रंगारी हे शेकडो वर्षं करत होते, इलेक्ट्रॉनचं नावही कोणाला माहीत नव्हतं तेव्हापासून.

गज्जरांची आणखी एक गोष्ट. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं होतं. भल्याभल्यांना ते निघेना, गज्जरांनी काढून दिलं. अवघड का, ते आता तुम्हीच सांगाल. डांबर म्हणजे कार्बनचे मोठाले सहसंयुज रेणू, पाण्याला दाद न देणारे. आणि खाली संगमरवर, कॅल्शियम कार्बोनेट, ज्याला कुठलंही आम्ल लागलं की तो स्वतःच फसफसून झिजतो. डाग घालवायचा पण राणीच्या नाकाला धक्का लागता कामा नये! पटत नसेल तर स्वयंपाकघरातल्या संगमरवरी ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. (सासूबाईंना विचारून.)

पुण्याची_सून · मंगळवार, सकाळी ८.१५

विचारलं. "खबरदार" म्हणाल्या.

निवृत्त_शिफ्टवाला · मंगळवार, सकाळी १०.००

कट्टेकाका, नातीला एक हाताला कळणारा प्रयोग सांगतो. कोणा शेतकऱ्याकडून वाटीभर युरिया आणा. तांब्यात साधं पाणी घ्या, हात लावून बघा, युरिया ओता, ढवळा, पुन्हा हात लावा. थंडगार लागेल, फ्रीजचं वाटेल इतकं. स्फटिकातले युरियाचे रेणू एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा लागली, पाण्याशी नव्यानं जुळताना थोडी परत मिळाली, तूट पाण्याच्या खिशातून भरली. बंध सोडवायला खर्च येतो हे ह्याहून स्वस्तात कोणी शिकवणार नाही.

उलटा प्रयोग कॉस्टिक सोड्याचा, तांब्या भाजेल इतका तापतो. तो मात्र घरी करायचा नाही. आमच्याकडे एकाच्या हातावर अजून खूण आहे.

सूरसागर_कट्टा · बुधवार, रात्री ९.३०

मंडळी, निकाल.

मेव्हण्याचं पादरा गावाकडे शेत आहे, तिथून युरिया आला. नातीनं आणि मी दोघांनी तांब्याला हात लावला. तिनं शाळेतला थर्मामीटरही आणला होता, पण माझा हात पुरे झाला. मिठाचा खडा सुरीनं फोडला, तीन ओट्यावर उडाले, चौथा अगदी काटकोनात तुटला. तो तिनं कंपासपेटीत ठेवलाय.

मॅडमचा जमाखर्च तिला दाखवला. तिनं वहीत उतरवून घेतला आणि म्हणाली, "हे आमच्या सरांपेक्षा सोपं आहे, पण तुम्ही ४१२ आणि ४११ मधला एक सोडून का दिला?" बँकेत असती तर फार पुढे गेली असती.

सेव उसळ झाली. सातांची नाही, नऊ माणसांची, कारण तिच्या दोन मैत्रिणी आल्या. त्यातली एक मला "अणुवाळा दादा", म्हणजे अणूवाले आजोबा, म्हणत होती.

तरी मनात एक खुट्टी राहिली आहे. मिठाचा रेणू कुठे म्हणजे कुठेच नसतो का?

चंचुपात्र · बुधवार, रात्री १०.१०

असतो! तुम्ही विचारायची वाटच बघत होते. मीठ ८०१ अंशांना वितळतं, तरी तिथे गर्दीच असते. ते आणखी तापवून १,४०० च्या वर उकळलंत तर वाफेत मात्र सोडियम आणि क्लोरीनच्या सुट्या जोड्या सापडतात. काही ठिकाणी दोन जोड्या मिळून चौघं. गर्दी सुटली की ती दोघं एकमेकांच्या आणखी जवळ येतात, ०.२८२ ऐवजी ०.२३६ नॅनोमीटर. म्हणजे तुम्ही शाळेत शिकलात तो मिठाचा रेणू खराच आहे. फक्त तो आमटीत नाही.

सूरसागर_कट्टा · गुरुवार, संध्याकाळी ६.४५

नातीनं आज वर्गात हे सांगितलं. सर म्हणाले, "तारा दादाने कहेजे, चौदसो डिग्रीनी सगडी लई आवे." आजोबांना सांग, चौदाशे डिग्रीची शेगडी घेऊन या.

शिफ्टवाले, आहे का ओळखीत कोणी?